सूर्योदय-सूर्यास्तासोबत खरी दुपारही छापा

मा. संपादक, स.न.

आपल्या पेपरात रोज पंचांगाच्या चौकटीत सूर्योदय-सूर्यास्त येतो पण मधली दुपार येत नाही, ती पण द्यावी असं मनापासून वाटतं म्हणून लिहितोय. हल्ली दुपार म्हणजे घड्याळात १२ वाजले असं आपण धरतो, नाहीतर जेवणापासून चहापर्यंतचा सगळा वेळ. मुळात दुपार म्हणजे द्विप्रहर, सूर्य उगवल्यापासून दोन प्रहर झाले तो क्षण. प्रहर म्हणजे टोला, वेळ कळावी म्हणून तास बडवायचे त्यावरून, आणि पहारा पण तिथलाच. गोव्यात कोकणीत दनपार म्हणतात, त्यातला दोन तर अजून ऐकू येतो.

आणि हा हिशोब किती पक्का आहे बघा. प्रहर ३ तासांचा हे सरासरीने झालं, खरं तर दिवसाचे ४ भाग करायचे, म्हणजे मुंबईत जूनमधे दिवस सव्वातेरा तासांचा असतो तेव्हा प्रहर सव्वातीन तासांच्या वर जातो आणि डिसेंबरात ११ तासांच्या दिवसाला पावणेतीनवर येतो, पण प्रहर लांबो की आखडो, चारातले दोन संपले की दिवस बरोब्बर अर्धा झालेला असतो.

घड्याळाचं तसं नाही. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ रेखांशाची, मुंबई पावणे ७३ च्या आसपास, अंशाला ४ मिनिटं धरली की ३९ मिनिटांचा फरक पडतो, त्यामुळे मुंबईत सूर्य माथ्यावर येतो सरासरी १२:३९ ला आणि नागपुरात १२:१४ च्या सुमारास. १९०६ मधे प्रमाणवेळ आली तरी मुंबईत जुना बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत चालायचा, तो याच ३९ मिनिटांनी मागे होता. रामजन्म मध्यान्हीचा, पण बऱ्याच देवळांत घड्याळात १२ वाजले की पाळणा हलतो, तेव्हा मुंबईत खऱ्या मध्यान्हीला अजून ४० मिनिटं असतात! परंपरा बदला असं माझं म्हणणं नाही, पण निदान लोकांना माहीत तरी असावं.

छापायला काही अवघड नाही, सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या बरोब्बर मधली वेळ काढायची, झालं. फक्त नागपूर आवृत्तीत नागपूरची आणि कोल्हापूर आवृत्तीत कोल्हापूरची द्या, सगळीकडे मुंबईची नको.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली