दुसरा मास्क घेऊन येत आहे

पुणे,
रविवार, रात्र

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवर नीट सांगता आले नसते. बाबा फोन स्पीकरवर टाकतात, तेवढ्यात दारात कोणीतरी येते आणि बोलणे नळाच्या पाण्यावर जाते. म्हणून सावकाश बसून लिहीत आहे. आईने काल सांगितले की, बाबांचा झोपेत अडकणारा श्वास मोकळा ठेवण्यासाठी आणलेले सीपॅप मशीन मास्कसकट खोक्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले आहे आणि त्याचा विषय काढायचा नाही, असे बाबांनी बजावले आहे. मला त्याचा राग आलेला नाही, हे आधी लिहिते. तुम्ही चार रात्री तो मास्क सोसलात, हेच पुष्कळ झाले. चूक माझ्या हातून झाली आहे आणि ती दुरुस्त करण्यासाठी तुम्हाला न विचारता मी दोन गोष्टी ठरवून टाकल्या आहेत, त्यांबद्दल क्षमा मागते.

दिवाळीनंतर आपण मास्क घ्यायला गेलो तेव्हा मला संध्याकाळची गाडी गाठायची होती. दुकानदाराने बाबांना खुर्चीवर बसवले, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क चढवला, मागून पट्टे ओढले आणि "सगळ्यांना हाच बसतो" म्हणून सांगितले. मी घड्याळाकडे पाहून मान हलवली. त्या वेळी मशीन सुरू नव्हते, बाबा आडवे झालेले नव्हते आणि कवळी तोंडात होती. रात्री कवळी काढली की गाल आत जातात, पाठ टेकली की चेहऱ्याची ठेवण थोडी बदलते, आणि हवा सुरू झाली की तिचा दाब मास्कला चेहऱ्यापासून उचलू पाहतो. खुर्चीत घट्ट वाटलेला मास्क अंथरुणात गळू लागतो तो या तीन कारणांमुळे. हवा डोळ्यांत जाऊ लागली म्हणून बाबांनी पट्टे आवळले, आवळल्यावर सिलिकॉनची मऊ कड चेपली गेली आणि गळती आणखी वाढली. आईने फोटो पाठवला होता. बाबांच्या नाकाच्या हाडावर करंगळीच्या नखाएवढा लाल वण होता आणि दोन्ही गालांवर पट्ट्यांच्या रेघा उमटल्या होत्या. तो फोटो मी कितीदा पाहिला असेल, याची गणती नाही.

त्यात तिसऱ्या रात्री वीज गेली. किल्लारीच्या भूकंपाच्या त्या पहाटेनंतर बाबा तोंडावर पांघरूण घेऊन कधीही झोपलेले नाहीत, थंडीतही उशाकडची खिडकी उघडी ठेवतात, हे आपल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. मला ते ठाऊक असूनही नाक-तोंड झाकणारी वस्तू त्यांच्या चेहऱ्यावर बांधायला मी संमती दिली, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ नंतर पत्र्याच्या शेडमध्ये काढलेल्या त्या महिन्यांत मी तुमच्या छातीवर डोके ठेवून झोपायची, बाबा. भिंतीची भीती वाटली की तुमचा श्वास मोजायची, आणि शंभराच्या आतच मला झोप लागायची. या दिवाळीत मी पुन्हा तुमचा श्वास मोजला. रात्री दोन वाजता तुमच्या पलंगाजवळ बसले होते. घोरणे एकदम थांबले, छाती हलत होती पण नाकाशी धरलेल्या माझ्या बोटांना वारा लागत नव्हता. मोबाइलच्या घड्याळात एकतीस सेकंद झाले, मग तुम्ही गचका देऊन श्वास घेतलात आणि कूस बदललीत. सकाळी तुम्हाला त्यातले काही आठवत नव्हते.

डॉक्टरांनी कागदावर जो ३८ आकडा लिहिला आहे, तो हाच. झोपेच्या एका तासात श्वास अडकण्याच्या किंवा उथळ होण्याच्या वेळा ते मोजतात. निदान दहा सेकंद टिकलेला प्रसंगच त्यात धरतात, आणि तासाला तीस किंवा त्याहून अधिक आकडा आला की आजार तीव्र समजतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून जाग आणतो, आणि हे रात्रभर चालते. रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेऊनही तो आटोक्यात राहत नाही, पोथी वाचता वाचता डुलकी लागते, रात्री तीन-तीनदा लघवीला उठावे लागते, या सगळ्यामागे ते कारण असू शकते असे डॉक्टर म्हणाले. मशीनची हवा घशाची वाट आतून उघडी धरते. १९८१ साली सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत जगापुढे मांडली, तेव्हा नाकपुड्यांत नळ्या बसवून त्यांच्याभोवती सिलिकॉन भरून हवा अडवावी लागत असे. आता मास्कचे इतके प्रकार आहेत की एक जमला नाही म्हणून उपचार सोडण्याचे कारण नाही. पायाला चप्पल लागली तर आपण चप्पल बदलतो, चालणे सोडत नाही. बाबा, हे वाक्य तुमचेच आहे, माझ्या शाळेच्या पहिल्या दिवसाचे.

आता ठरवलेल्या गोष्टी सांगते. पहिली ही की, डॉक्टरांशी बोलून मी नवा मास्क घेतला आहे. त्याला नेझल पिलो म्हणतात. त्यात नाकावर काही येत नाही, तोंडावर काही येत नाही. नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ उशा टेकतात आणि एक बारीक पट्टा कानांवरून मागे जातो. त्याबरोबर लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांच्या उशा आल्या आहेत, त्यांतली योग्य कोणती ते तुमच्या नाकावर ठेवूनच ठरवू. डोळ्यांवर चष्मा ठेवून वाचता येते, तांब्यातले पाणी पिता येते, आईला हाक मारता येते. मिशीही आड येणार नाही. मोठ्या मास्कखालून हवा निसटायला मिशी हेही एक कारण होते, पण तिला हात लावायला मी तुम्हाला कधीही सांगणार नाही. आणि वीज गेली तरी तुमचे तोंड उघडे आहे, हे मनात असू द्या. त्या रात्रीच्या मोठ्या मास्कलाही एक झडप होती, मशीन थांबताच ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. हे मी तुम्हाला आधीच दाखवून ठेवायला हवे होते.

दुसरी गोष्ट, मी आठ दिवसांची रजा घेतली आहे आणि गुरुवारी सकाळी पोहोचते. ऑफिसचे काय, मुलांचे काय, हे विचारू नका, दोन्हींची सोय झाली आहे. दर सुट्टीला येऊन तुम्हाला उपदेश करून जाण्यापेक्षा एकदा आठ रात्री शेजारच्या खोलीत झोपणे अधिक बरे, असे मला वाटले. तुम्हाला इकडे पुण्याला आणून इथे सवय लावावी, असाही विचार केला होता, परंतु स्वतःची खोली, तो पलंग आणि ती खिडकी सोडून बाबांना नवी सवय लागणार नाही, म्हणून तो सोडला. तुम्ही काही करत नाही म्हणून मी येत आहे, असे कृपया मनात आणू नका.

मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका आणि वणावर डॉक्टरांनी दिलेले मलमच लावा, हळद नको. आई, रात्री बाबांच्या डोक्याला तेल लावण्याचे काम आता सकाळी, आंघोळीच्या आधी करायचे. तेल कपाळावरून गालांवर उतरते आणि त्यावर सिलिकॉन धरत नाही. झोपण्यापूर्वी बाबांनी साबणाने तोंड धुऊन कोरडे करावे. मशीनच्या डब्यात घरचे पाणी घालायचे नाही. आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तोच त्या डब्यात धरेल. औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर मी घेऊन येते. मशीन पलंगापेक्षा खाली, स्टुलावर ठेवू, म्हणजे थंडीत नळीत साचलेले पाणी नाकाकडे येणार नाही. इन्व्हर्टरची जोडणी त्या खोलीतल्या बटणापर्यंत करून घ्यायला मी वायरमनला सांगितले आहे, तो बुधवारी येईल, त्याला परत पाठवू नका. आणि बाबा, ही गोष्ट लिहिताना मला फार अवघड वाटते, पण औशाच्या रस्त्यावर तुम्हाला डुलकी लागली होती हे आईने मला सांगितले आहे. झोप नीट लागू लागेपर्यंत गाडी गावाबाहेर न्यायची नाही. किल्ली तुमच्याचकडे राहू द्या, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे.

सवय रात्री लावायची नाही, हे मला उशिरा कळले. पहिले दोन दिवस दुपारी बातम्या पाहताना नुसता मास्क दहा-पंधरा मिनिटे लावायचा, मशीन बंद. मग हवा सुरू करायची. ती एकदम जोराने येणार नाही, मशीनवरच्या ४ या कमी दाबापासून हळूहळू चढत जाईल. जीव गुदमरल्यासारखा वाटला तर लगेच काढायचा, त्यात कमीपणा नाही. दुपारची एक डुलकी मास्क लावून झाली की मग रात्रीचे पाहू. पट्टे तुम्ही आडवे झाल्यावर आणि हवा सुरू असतानाच बसवायचे: आधी सैल सोडायचे आणि गळतीचा आवाज थांबेल तेवढेच ओढायचे. उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर वळून पाहायचे. पहिले काही दिवस नाकपुड्या थोड्या हुळहुळतील. जास्त दुखले तर माप बदलू. झोपेत तोंड उघडे पडून हवा तिथून निघून जात असेल तर आणखी उपाय आहेत, आणि हाही मास्क जमला नाही तर नुसते नाक झाकणारा तिसरा प्रकार पाहू. रात्री उठायचे झाले तर मास्क काढावा लागत नाही, नळी तेवढी सोडवायची आणि परत आल्यावर जोडायची. ती सोडवण्याचा चाप अंधारात बोटांना लागावा म्हणून मी त्यावर लाल दोरा बांधून ठेवला आहे.

मोठा मास्क टाकून देऊ नका, सर्दीने नाक बंद झाले तर तो लागेल. मात्र चुलत्यांना कौतुकाने दाखवायला देऊ नका; त्याच्या पट्ट्यांच्या टोकांना चुंबक आहेत आणि त्यांच्या छातीत पेसमेकर आहे.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, शेतात जेवण झाल्यावर बाबा झाडाखाली लवंडतात, तेव्हा आंबिलीची सुस्ती आली म्हणून आम्ही सगळे कौतुक करत आलो. यंदा येळवशीच्या आधी निदान पंधरा रात्री मशीनवर झाल्या पाहिजेत, एवढा एकच हट्ट धरते. त्यानंतर डॉक्टर मशीनमधले नोंदींचे कार्ड पाहून ३८ चे किती झाले ते सांगतील.

गुरुवारी माझ्यासाठी काही विशेष करू नका, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुरे. जेवण झाले की बाबांनी पलंगावर आडवे व्हावे, खिडकी उघडी ठेवावी. मशीन मी खाली काढीन.

तुमची लेक