पाहुण्यांना कोल्हापूर दाखवायचं म्हणजे

चि. सौ. कां. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना काय काय दाखवायचं याची तू पाठवलेली यादी आईनं मोठ्यानं वाचून दाखवली. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, न्यू पॅलेस, रंकाळा, कणेरी मठ, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, दाजीपूर आणि शेवटी ‘जमल्यास गोवा’. यातलं निम्मं मी खोडलंय, रागावू नकोस. नागपूरची मंडळी महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये अख्खा दिवस आणि अख्खी रात्र काढून येणार, तुझ्या मैत्रिणी बंगळूरहून रात्रीच्या बसनं. उतरल्या उतरल्या त्यांना गाडीत कोंबलं तर हळदीला निम्मे पाहुणे खोलीवर घोरत असतील. आणि गोव्याचं नावच काढू नको. तिकडे गेलेला पाहुणा मुहूर्ताला परत येत नसतो.

१ फेब्रुवारीला सगळे पोचले की त्या दिवशी फक्त आराम आणि संध्याकाळी रंकाळ्यावर एक चक्कर, भेळ खाऊन परत. त्या संध्याकाळी अंबाबाईच्या देवळाकडे गर्दी असणार, कारण ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, मग रोज वर सरकत मुखापर्यंत पोचतात. ढग आले तर सगळं राहिलं, हे आधीच सांगून ठेव. तरण्याताठ्यांना हौस असेल तर खुशाल जाऊ देत. तुझ्या आजेसासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना मात्र मी स्वतः २ तारखेला सकाळी लवकर दर्शनाला नेईन.

बाकीच्यांना त्याच सकाळी पन्हाळा. वीसेक किलोमीटर अंतर, गाडी थेट गडावर जाते, म्हणून वय झालेल्यांनाही जमतं. गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, जागतिक वारशात मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत आपला पन्हाळा आहे. पण वर गेल्यावर प्रत्येक ‘पॉइंट’ला उतरवू नको. तीन दरवाजा, त्याला लागूनच असलेली अंधारबाव आणि अंबरखाना एवढं पुरे. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं आहेत. त्या जाड भिंतींच्या आत उभं राहिलं की १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड इतके महिने कसा तगला, ते वेगळं सांगावं लागत नाही. मग राजदिंडी. महाराज त्या पावसाळी रात्री जिथून विशाळगडाकडे निघाले, ती ही वाट. इथं कुणी घाई केली तर मी गाडीची चावी देणार नाही.

जोतिबा या फेरीत नको. लग्नानंतर तुम्हा दोघांना जायचंच आहे.

पन्हाळ्याहून उतरताना मात्र एक गोष्ट तुझ्या यादीत नव्हती, ती मी घातली आहे : गुऱ्हाळ. फेब्रुवारीत हंगाम चालू असतो. संत्र्यांच्या गावच्या माणसांनी ऊस पाहिला असेल, पण काहिलीत उकळणारा रस पाहिला नसेल. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं ढकलत असतात, वर रसाला फेस येत राहतो, मळी काढून टाकतात, आणि रंग बदलायला लागला की गुळव्या काहिलीवरून नजर काढत नाही. पाक तयार झाला की नाही ते त्याच्या डोळ्यावर आणि बोटांवर ठरतं. मग काहील उचलून सगळा पाक वाफ्यात ओततात. तो निवताना कडेचा गरम गूळ हातावर घ्यायचा आणि शेंगदाण्यांबरोबर खायचा. पोरांना काहिलीपासून लांब धरायला दोन माणसं ठेवू. काकवीच्या बाटल्या प्रत्येक घरटी एक, ते माझ्याकडे लागलं.

लग्नानंतर ४ तारखेला जे थांबतील त्यांच्यासाठी खिद्रापूर. साठेक किलोमीटर लांब आहे, म्हणून तू ते शेवटी टाकलंस, पण माझ्या मते तुझ्या यादीत याच्या तोडीचं काही नाही. कोपेश्वराच्या देवळातला स्वर्गमंडप छपराला मधोमध गोल उघडा आहे. खाली तेवढीच गोल शिळा, भोवती खांबांचं रिंगण, आणि त्या भोकातून पडलेलं ऊन जमिनीवर सरकत असतं. शिळेवर उभं राहून वर बघायला लावायचं, बोलायचं काही नाही. बाहेरून तळाशी हत्तींची ओळ आहे, एक हत्ती दुसऱ्यासारखा नाही. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही, हे पाहुण्यांपैकी कोण ओळखतो ते बघू. जाता-येता वाडीला दत्ताचं दर्शन, बासुंदी आणि कवठाची बर्फी.

शहरात फिरायचं तर माणूस पाहून पाठव. लहान पोरं न्यू पॅलेसला, तिथं भुसा भरलेले वाघ-बिबटे आहेत. व्याहीबुवा कुस्तीवेडे आहेत असं तू म्हणालीस, त्यांना मी खासबागेत नेतो. शाहू महाराजांनी १९१२ साली मैदान असं उताराचं बांधून घेतलं की शेवटच्या रांगेतल्यालाही तांबड्या मातीतला डाव दिसावा. मैत्रिणींना चपला हव्यातच, तर भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनला न्या. नवी कोल्हापुरी पाय चावते, लग्नात घालून मिरवू नका म्हणावं. आणि रात्री सगळ्यांना गंगावेशीत. म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात, पेला तोंडाला लावला की फेसाच्या मिशा. बंगळूरच्या पोरी आधी नाक मुरडतील, मग फोटो काढतील.

जेवणाचं सांगतो. लग्नात शाकाहारी आहे, म्हणून मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ४ तारखेच्या रात्री घरी. सावजी पचवणाऱ्यांना आपला तांबडा तिखट लागणार नाही, उगाच दम देऊन ठेवू नको. पांढरा रस्सा मात्र वाटी-वाटीनं मागतील, आई जास्तच करणार आहे. मिसळीबरोबर इथं पाव नाही, स्लाइस ब्रेड मिळतो, हेही सांगून ठेव, नाहीतर हॉटेलवाल्याशी वाद घालत बसतील.

आता मला एवढंच कळव : पन्हाळ्याला किती जण, खिद्रापूरला किती, आणि त्यांत चढउतार न जमणारे कोण कोण. गाडीवाल्याला रविवारपर्यंत आकडा द्यायचा आहे, लग्नसराईत नंतर गाड्या मिळत नाहीत.

तुझे
बाबा