महायुद्ध संग्रहालय : रविवारच्या बैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

सोलापुरात दुसऱ्या महायुद्धाचे संग्रहालय व संशोधन केंद्र उभारण्याबाबतची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्या जागी आहे.

त्या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. त्यांचे स्मारक सोलापुरात आहे. पण ब्रह्मदेश, आफ्रिका, इटलीत लढलेल्या साध्या शिपायांचे काय? त्यांची नावे अजून माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकांतच आहेत.

येताना पत्रे, फोटो, पदके, पेन्शनचे कागद आणा. मूळ वस्तू द्यायलाच हवी असे नाही. स्कॅन करून लगेच परत देऊ. एक कळकळीची विनंती, पदके चिंचेने घासू नका! त्यावर कोरलेले शिपायाचे नाव व नंबर झिजतात, आणि शोधाचा धागा नेमका तिथेच असतो. पत्रांना चिकटपट्टी, लॅमिनेशनही नको.

घरातली आजी काही आठवणी सांगत असेल तर फोनवर रेकॉर्ड करा. हे काम रविवारपर्यंतही थांबवू नका, आजच करा.

– संकलन समिती