टोकियोचा विस्मृत विजेता

महोदय,

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील अमेरिकेच्या यशाचा विषय निघाला की १० हजार मीटर जिंकणाऱ्या बिली मिल्स यांचेच नाव पुढे येते. मात्र त्यानंतर चारच दिवसांनी, पावसाने भिजलेल्या धावमार्गावर अखेरच्या फेरीत मुसंडी मारून ५ हजार मीटरचे सुवर्णपदक पटकावणारे बॉब शूल सहसा कोणाला आठवत नाहीत. या शर्यतीत ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारे ते आजवरचे एकमेव अमेरिकी धावपटू आहेत, आणि तेही दम्याचा विकार असताना! हंगेरीचे मिहाय इग्लोई यांच्या कठोर तालमीत घडलेले शूल पुढे ओहायोतील राइट स्टेट विद्यापीठात स्वतः प्रशिक्षक झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मराठी क्रीडापानांवर त्याची दोन ओळींची दखलही निदान माझ्या वाचनात आली नाही.

– एक वाचक, सातारा