ओझे उचलण्याचे प्रशिक्षण कागदापुरतेच

महोदय,

ओझे उचलण्याचे प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी तासाभरात उरकले जाते. पडद्यावर चार चित्रे, 'गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा' ही घोषणा, हजेरीपटावर सह्या आणि झाले! दुसऱ्या दिवशी तोच कामगार माल ठेवण्याच्या खोल, जाळीदार पिंजऱ्याच्या तळातला खोका काढायला जातो. कठडा आडवा येतो, गुडघे वाकवायला जागाच नसते. तो कमरेतून ओणवा होतो, हात लांबवतो आणि खोका वर घेता घेताच वळतो. पुढे कंबर धरली, की 'शिकवले होते, त्याने पाळले नाही' म्हणायला कागद तयारच असतो.

कमरेच्या मणक्यांवर ताण किती येईल, हे नुसत्या वजनावर नव्हे, तर ते वजन अंगापासून किती लांब आहे यावरही ठरते. अमेरिकेतील 'नायॉश' या कामगारांच्या सुरक्षिततेवर व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या सूत्रात सगळे काही अनुकूल असताना 23 किलोची मर्यादा धरली आहे. भार घोट्यांपासून 25 ऐवजी 50 सेंटिमीटर पुढे गेला, की ती निम्म्यावर येते. त्यातच काटकोनात वळलात, तर जेमतेम आठ किलो उरतात! कामगाराला हे आकडे पाठ करून काय उपयोग? तोच खोका एकदा पोटाशी धरून आणि एकदा हात लांब करून उचलायला लावा. कंबर न पिळता पावले टाकून वळायला लावा. फरक त्याचा त्यालाच कळेल.

तरीही नुसत्या शिकवण्यावर भिस्त ठेवता येत नाही. अशा सल्ल्याने आणि प्रशिक्षणाने कंबरदुखी टळत नाही, असाच निष्कर्ष 2011 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) निघाला होता. (कंबरपट्टे वाटून मोकळे होणाऱ्यांसाठी : धडधाकट कामगारांना त्यांची शिफारस करायला 'नायॉश'ने 1994 मध्येच नकार दिला आहे.) आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या करारात कामावर लावण्याआधी प्रशिक्षण द्यावे, असे आहेच; पण आरोग्याला धोका होईल एवढे वजन कोणाला वाहायला लावू नये आणि शक्य तिथे यांत्रिक साधने वापरावीत, हेही त्यातच आहे. आपण सोयीचे तेवढे कलम उचलले.

म्हणून प्रशिक्षकाला आधी माल चढतो-उतरतो तिथे दिवसभर उभे राहू द्यावे. कोणती रास कमरेच्या उंचीवर हवी, कोणता खोका लहान भरायला हवा, कुठे ट्रॉली अडते, हे त्याने लेखी द्यावे आणि व्यवस्थापनाने त्यावर लेखीच उत्तर द्यावे. आणि हो, वर्गात मुकादमालाही बसवावे. दोघांनी मिळून उचलायच्या पेटीला एकटाच माणूस भिडतो, तो बहुधा मुकादमाच्या 'आटपा लवकर'मुळे.

– एक वाचक