बंद ट्रॅक्टर हलवण्याआधी

पुणे

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

गोठ्यामागचा बंद ट्रॅक्टर मृगाच्या पावसाआधी शेडमध्ये घ्यायचा हे तू ठरवलंस, ते योग्यच आहे. अंतर फार तर साठ-सत्तर मीटर. ओढायला कोण येईल याची चौकशी तू केलीस. थांबवायला काय ठेवणार आहेस, ते मला आधी कळव. सासवडच्या रानात सपाट जागा कमी, आणि दोन टनांचं धूड हलवणं अवघड नसतं, धरणं अवघड असतं.

हिशेब बघ. आपला पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर अवजार काढून साधारण 2000 किलो भरेल. मागच्या टायरांत पाणी असेल तर एकेका टायरमागे दीडशे किलोहून जास्त भर पडेल. सपाट कठीण मुरमावर तो चालता ठेवायला 60 ते 80 किलोचा जोर पुरतो, म्हणजे चार माणसं ढकलू शकतात. नांगरटीत तोच जोर 200-300 किलोवर जातो. आता 20 मीटरला 1 मीटर असा उतार धर. डोळ्याला तो जेमतेम दिसेल, पण तेवढा उतार एकटाच 100 किलोने ओढतो. म्हणजे न्यूट्रल केलेला ट्रॅक्टर तिथे आपणहून चालू लागेल आणि ढकलणारे त्याच्यामागे पळत राहतील. म्हणून गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आण आणि सगळी वाट दर 10 मीटरला मोज. अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा जास्त फरक आला, तर त्या टप्प्यात माणसांनी ढकलायचं नाही आणि साखळीनेही ओढायचं नाही.

तपासणीसाठी सकाळचा उजेड घे. बॉनेट उघडताना लांब काठी वापर. गांधीलमाश्यांचं पोळं असतं आणि खाली गवतात घोणस असू शकते. कशालाही हात लावण्याआधी चारही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लाव. बाभळीचे तिरके कापलेले, निदान वीतभर उंचीचे. गोल दगड नकोत, ते चाकाबरोबर घरंगळतात.

मग हवा. पुढच्या टायरांत 28 ते 30 पौंड, मागच्यांत 14 ते 16. चपट्या टायरवर ओढलं तर टायर रिमवरून सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व मुळातून तुटतो. पाणी भरलेल्या टायरचा व्हॉल्व वरच्या बाजूला आहे का बघ, नाहीतर गेजमध्ये पाणी शिरेल. कडा तडकलेल्या टायरमध्ये हवा भरताना समोर उभी राहू नकोस, बाजूला राहा.

मुख्य गिअर, हाय-लोचा (जलद-संथ चालीचा) दांडा आणि पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा गिअर), तिन्ही न्यूट्रलला हवेत. दांडा अडकला तर जोर लावून वाकवू नकोस. गिअरचे दाते ताणात अडकलेले असतात. ठोकळे बोटभर मागे घे, मागच्या टायरच्या गुट्टीखाली पहार घालून ट्रॅक्टर तेवढाच पुढे-मागे हलव; ताण सुटला की दांडा निघतो. इंजिन जाम असलं तरी न्यूट्रलमध्ये काही बिघडत नाही. डिफरन्शिअल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारी कळ) सुटलेला आहे याची खात्री कर, नाहीतर वळणावर चाकं फरफटतील.

ब्रेक बरेच महिने पडून राहिला की चिकटतो. 5 टनी बॉटल जॅकने मागचं एकेक चाक उचलून हाताने फिरवून बघ. इथे एक गोष्ट पुष्कळ मेकॅनिकही विसरतात: पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनेवर डुलतो, त्यामुळे मागून उचललेला ट्रॅक्टर कलू शकतो. आधी अ‍ॅक्सल आणि चासी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोक. जॅकखाली जाड फळी, आणि उचलल्यावर ट्रॅक्टर लाकडी थप्पीवर टेकव. नुसत्या जॅकवर असताना कुणीही खाली जायचं नाही. चाक फिरलं नाही तर ब्रेकच्या दांड्याचा नट सैल करून हाउसिंगवर लाकूड धरून ठोक. मोकळं झाल्यावर तो नट परत आवळ. सैल ब्रेक उतारावर कामाचा नाही. ब्रेकची डावी-उजवी दोन्ही पेडल पट्टीने एकत्र जोड, नाहीतर एकच चाक धरेल आणि ट्रॅक्टर त्या बाजूला वळेल. काम झालं की पाचरी काढायला विसरू नकोस.

ओढणारा ट्रॅक्टर वजनाने आपल्यापेक्षा जड हवा. बांधायचं ते त्याच्या ड्रॉबारच्या (मागच्या ओढपट्टीच्या) हुकाला, खाली. टॉप लिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी किंवा अ‍ॅक्सलच्या वर बांधलं की मागची चाकं जमीन धरतात, पुढची उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटा पडतो. हे एका-दीड सेकंदात होतं, क्लच दाबायला वेळ मिळत नाही. यावर कुणी "आम्ही नेहमी असंच बांधतो" म्हणालं, तर काम तिथेच थांबव. आपल्या ट्रॅक्टरला पुढच्या ब्रॅकेटमधल्या पिनेला बांध, स्टिअरिंगच्या टाय रॉडला (पुढची चाकं वळवणाऱ्या सळईला) कधीच नाही.

दोर नायलॉनचा नको. तो ताणतो, ताकद साठवतो आणि तुटला की टोक चाबकासारखं येतं. तारेच्या दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाक. पण माझं स्पष्ट मत विचारशील तर ताठ लोखंडी ओढदांडाच घे, दोन्ही टोकांना पिना आणि पिनांना क्लिपा. साखळी उतारावर सैल पडते आणि मागचा ट्रॅक्टर पुढच्यावर जाऊन आदळतो. दांडा दोन्हीकडून धरतो. जेसीबी मिळाला तर ओढायला चालेल, पण बकेटला साखळीने लटकवून न्यायचं नाही. टांगलेलं वजन झोके घेतं.

सीटवर एकच माणूस, ब्रेक आणि स्टिअरिंगपुरता. मडगार्डवर पोरं नकोत. पॉवर स्टिअरिंग इंजिनाशिवाय फार जड फिरतं, म्हणून वळण मोठं घ्या. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत; पुढच्या चाकाला दगड लागला की ते झटक्याने फिरतं. इशारा एकाच माणसाने हाताने द्यायचा. दोन्ही ट्रॅक्टरांच्या मध्ये कुणी नाही, आणि दोराच्या लांबीइतक्या अंतरात बाजूलाही ठोकळे लावणारा सोडून कुणी नाही. ठोकळेवाला उताराच्या वरच्या बाजूने, मागच्या चाकापासून हातभर लांब चालेल.

ठोकळे काढून पहिला अर्धा मीटर सरकवा आणि ब्रेक दाबून बघा. धरला तरच पुढे. चाल माणसाच्या पावलाची, एकच लहान गिअर, मध्ये गिअर बदलायचा नाही आणि झटका द्यायचा नाही.

शेडमध्ये टायरांखाली फळ्या घाल, सर्वांत लहान गिअर टाक, हँडब्रेक लाव आणि ठोकळे परत दोन्ही बाजूंनी लाव. त्यानंतरच ओढदांड्याची पिन काढायची.

लेव्हल नळीने मोजलेले आकडे आणि पुढच्या ब्रॅकेटचा फोटो रविवारच्या आत पाठव. पिनेच्या भोकाला चीर दिसली तर मी नाना पेठेतून ब्रॅकेट बघतो. तोवर ठोकळे काढू नकोस.

तुझे,
बाबा