‘अ‍ॅलर्जी आहे’ एवढ्या नोंदीने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या पत्नीचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस होते. तिच्या फाइलवर लाल शाईने ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ एवढेच लिहिले होते. गेल्या वर्षी डायलिसिससाठी गळ्यात बसवलेल्या नळीला (कॅथेटरला) जंतुसंसर्ग होऊन तिला हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा कोणत्या औषधाने, कधी आणि नेमके काय झाले होते, असे डॉक्टरांनी विचारले. आम्हाला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

इतरांना एक औषध चालले नाही तर दुसरे देता येते; मूत्रपिंड निकामी झालेल्यांची मात्र तिथेच कोंडी होते. जेंटामायसिन किंवा अमिकासिन या प्रतिजैविकांनी मूत्रपिंडाचे उरलेसुरले काम आणि श्रवणशक्ती दोन्ही धोक्यात येतात, तर सेफेपिमचा डोस बेताने न दिल्यास ते शरीरात साठून रुग्ण बरळू लागतो, कधी त्याला झटकेही येतात.

पत्नीला व्हॅन्कोमायसिन दिले. ते भरभर सोडले गेल्याने तिचा चेहरा व मान लालबुंद होऊन खाज सुटली आणि फाइलवर लगेच दुसरी अ‍ॅलर्जी चढली. सकाळी मूत्रपिंडतज्ज्ञांनी ती नोंद खोडली. हा औषध सोडण्याच्या वेगाचा परिणाम असून एक ग्रॅम औषधाला किमान एक तास द्यायला हवा, असे त्यांनी सांगितले. पेनिसिलिनचा उलगडा सासूबाईंना फोन केल्यावर झाला: ४० वर्षांपूर्वी गोळ्या घेतल्यावर मुलीच्या अंगावर पित्त उठले होते, बस्स. पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकीही सुमारे ८० टक्के लोकांची ती १० वर्षांत मावळते, हे आम्हाला तेव्हा कळले. पुढे तिला देखरेखीखाली सेफाझोलिन दिले. रचनेने ते पेनिसिलिनपेक्षा बरेच वेगळे आहे आणि तिची निकामी मूत्रपिंडे ते बाहेर टाकत नसल्याने प्रत्येक डायलिसिसनंतर दिलेला डोस पुढच्या खेपेपर्यंत पुरतो.

अर्थात नोंदीकडे काणाडोळा करावा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्याचा श्वास अडकून रक्तदाब कोसळला होता, त्याला तेच औषध अपरिहार्य असल्यास अतिदक्षता विभागात अत्यल्प मात्रेपासून, दर १५-२० मिनिटांनी वाढवत नेऊन देता येते; पण ज्याच्या तोंडात फोड येऊन कातडी सोलवटून निघाली होती, त्याला ते पुन्हा कधीच देऊ नये. (हातावर सुई टोचून पेनाने गोल काढण्याच्या आपल्याकडच्या ‘टेस्ट डोस’मधून या दुसऱ्या प्रकाराची चाहूल लागत नाही.) या दोघांच्या आणि माझ्या पत्नीच्या फाइलवर शब्द मात्र एकच असतो.

सरकारी योजनांतून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस घेणाऱ्यांच्या कार्डावर औषधाचे नाव, वर्ष, डोसनंतर किती वेळाने काय झाले आणि कोणते उपचार करावे लागले, यासाठी चार ओळी छापाव्यात, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे. पत्नीच्या कार्डामागे सध्या त्या मीच हाताने लिहून ठेवल्या आहेत.

आपला,
एक वाचक, सांगली